आमचे बालगोलंदाज व त्यांचे गुरू

मुंबई शहराने क्रिकेटच्या खेळास फलंदाज किती दिले, असे विचारले असता शाळेतील कोणताही विद्यार्थी विजय मर्चंट यांच्यापासून आरंभ करून सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, सचिन तेंडुलकर अशी नावे एका दमात म्हणून दाखवील. परंतु वेगवान गोलंदाज किती, असे विचारताच तोच विद्यार्थी थबकतो. रमाकांत देसाई हे नाव वडील मंडळी सांगतात, अजित आगरकर हे नाव तो स्वतः सांगतो. पुढे मात्र आठवावे लागते. ज्या शहरात सकाळी मैदानावर पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही, तेथे असे का व्हावे? गोलंदाजी शिकविणारे आमचे शिक्षक मुलांना कमी तर पडत नाहीत ना? हा प्रश्न मैदानाच्या कडेला बसलेल्या पालकांच्या बोलण्यात वारंवार निघतो. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या शाळेत वरळी कोळीवाड्यातून येणारे जे विद्यार्थी आहेत, त्यांना हा प्रश्न अगदी जवळचा आहे. वरळीच्या उत्तर टोकास, जुन्या किल्ल्याच्या आश्रयाने वसलेल्या या गावात घरे दाटीने उभी आहेत आणि वाटा अरुंद आहेत. अशा बोळात बॅट फिरविण्यास जागा नसते, परंतु चेंडू टाकण्यापुरती ती असते. म्हणून मुलाच्या हाती चेंडूच अधिक वेळ राहतो. शिवाय घरचे काम असतेच. जाळे ओढणे, मासळीच्या टोपल्या उचलणे, होडी वर घेताना हात लावणे, यांमुळे चौदाव्या वर्षीच मुलाचे खांदे भरून येतात. असा मुलगा पायी तासाभराच्या वाटेवर असलेल्या शिवाजी पार्कात जाऊन उभा राहिला की तेथील सरांची दृष्टी प्रथम त्याच्या खांद्यांवर जाते आणि ते त्याच्या हाती नवा चेंडू देतात. यात सरांचे काय चुकले? खांदे दिसतात, पाठीचा कणा दिसत नाही.

ज्या पालकांनी नेटचा सराव पाहिला नसेल त्यांच्यासाठी तो कसा चालतो हे सांगणे अवश्य आहे. जाळीच्या आत एक फलंदाज उभा असतो. समोर पाच-सहा गोलंदाज ओळीने उभे राहून आळीपाळीने चेंडू टाकतात. फलंदाज आपली दहा-पंधरा मिनिटे संपली की पॅड सोडून सावलीत बसतो व दुसरा आत जातो. गोलंदाज मात्र बदलत नाहीत. सर जाळीच्या मागे किंवा बाजूला उभे राहून फलंदाजाचा पाय, कोपर, डोके न्याहाळतात व त्यास सूचना देतात. गोलंदाजास सूचना मिळते ती बहुधा एकच, आणि ती म्हणजे चेंडू नीट टप्प्यावर टाक. नेट हा फलंदाज घडविण्याचा कारखाना मानला, तर गोलंदाज हा त्या कारखान्यातील रोजंदारीवरचा मजूर होय.

ही रीत आजची नव्हे. पळवणकर बाळू (१८७६–१९५५) हे आपल्या देशाचे पहिले मोठे गोलंदाज. ते पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होते. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा होता. तो बाळूंच्या रूपाने त्यांना मिळाला. ग्रेग नावाचा एक उत्तम इंग्रज फलंदाज रोज तासन् तास त्यांच्याकडून चेंडू टाकवून घेई, व बाळूंनी त्यास बाद केले तर प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बाळूंच्या हाती बॅट मात्र त्या नेटमध्ये कधी दिली गेली नाही, असेही सांगतात. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या या मनुष्यास चहाही वेगळ्या भांड्यातून घ्यावा लागे, त्या काळी बॅटीची गोष्ट दूरच राहिली. अशा रीतीने, कोणी न शिकविता, ते तयार झाले आणि १९११ साली हिंदी संघाबरोबर विलायतेस जाऊन त्यांनी त्या एका दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. ते मंदगतीने चेंडू टाकीत, म्हणून त्यांच्या शरीराने एवढे श्रम सोसले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पद्माकर शिवलकर यांचेही तसेच. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि चाळिशी उलटल्यावरही ते मैदानात उतरले.

आठ आण्यांच्या नाण्याची ही गोष्ट वाचताना दुसरे एक नाणे आठवल्यावाचून राहत नाही. शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सर सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे. कोणीही बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे व ती सचिनची कथा म्हणूनच ऐकली आहे. आचरेकर सरांची योग्यता सांगावयास नको. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार व पद्मश्री मिळाली, त्याहून मोठा मान त्यांच्या शिष्यांनी त्यांना दिला. तरी क्षणभर जाळीच्या दुसऱ्या टोकास उभे राहून ही कथा ऐकावी. दिवसभर चेंडू टाकून दमलेली ती मुले एका रुपयासाठी पुन्हा जीव तोडून धावत आली असतील. त्यांनी त्या संध्याकाळी किती चेंडू टाकले, हे कोणत्याही कथेत येत नाही.

असाच प्रकार त्या प्रसिद्ध भागीदारीचा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. शाळेची धावसंख्या २ बाद ७४८ झाली. समोर सेंट झेवियर्स हायस्कूलची मुले होती. त्यांत पंधरा वर्षांचा साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. त्याने २७ षटके टाकून १८२ धावा दिल्या. तो लेगस्पिन टाकणारा होता, म्हणून निभावले. आणखी अलीकडचे उदाहरण जानेवारी २०१६ मधील कल्याणचे. प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या व त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ असा डाव उभारला. त्या विक्रमाचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच होते. परंतु समोर चेंडू टाकणारी मुले वयाने बरीच लहान होती. मोठ्या माणसांपैकी कोणी तरी, पंच असो, शिक्षक असो, तो डाव पुष्कळ आधी थांबवावयास हवा होता, असे मला स्पष्ट वाटते.

आता वेगवान गोलंदाजाकडे वळू. रमाकांत देसाई हे अंगाने बारीक व उंचीने लहान. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा त्यांचे वय १९ वर्षांचे होते. एका डावात त्यांच्याकडून ४९ षटके टाकवून घेण्यात आली. १६९ धावांत त्यांनी ४ बळी मिळविले. ४९ षटके म्हणजे २९४ चेंडू, आणि प्रत्येक चेंडूमागे पूर्ण वेगाने धावत येणे. देसाई २८ कसोटी सामने खेळले, ७४ बळी घेतले, आणि १९६८ नंतर, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षानंतर, त्यांचा एकही कसोटी सामना झाला नाही. त्याचे कारण ती ४९ षटके होती असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तथापि एकोणीस वर्षांच्या मुलाकडून एवढी मागणी आज कोणताही जाणता शिक्षक करणार नाही, एवढे खास.

ती का करू नये, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून वर कण्यापर्यंत पोहोचतो. त्याच क्षणी कमर मागे वाकलेली, एका बाजूस झुकलेली व पिळलेली असते. कमरेच्या मणक्यांच्या मागील बाजूस हाडाचा एक अरुंद दुवा आहे. हा सारा ताण त्याच्यावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत दुखणे बहुधा डावीकडे उद्भवते. एका चेंडूने काही होत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकविली असता जशी तुटते, तसे हे हाड हळूहळू भंग पावते. विश्रांती मिळाली तर हाड झालेली झीज भरून काढते. न मिळाली तर भेग वाढत जाते. आणि मुख्य गोष्ट अशी की खांदे व दंड चौदा-पंधराव्या वर्षी भरतात, परंतु कण्याचे हाड विशी उलटेपर्यंत पुरते पक्व झालेले नसते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय पाहते, पण ते वयाची लबाडी पकडण्यासाठी. त्या हाडांवर पडलेल्या ओझ्याची चौकशी त्या चित्रात होत नाही.

तेव्हा ओझे मोजावे कसे? कोळीवाड्यातील एक पंधरा वर्षांचा गोलंदाज कल्पनेने घेऊ आणि त्याचा आठवडा मांडू. मंगळवारी व गुरुवारी शाळेच्या नेटवर प्रत्येकी ६० चेंडू. शनिवारी शाळेचा सामना, त्यात १२ षटके म्हणजे ७२ चेंडू. रविवारी सकाळी क्लबाच्या नेटवर ९० चेंडू. त्याच संध्याकाळी टेनिस चेंडूची स्पर्धा. तीन सामन्यांत प्रत्येकी २ षटके, म्हणजे ३६. एकूण बेरीज ३१८ होते, व त्यांपैकी १२६ एकट्या रविवारी. वाइड आणि नोबॉल यांत धरलेले नाहीत, गल्लीतला खेळ तर नाहीच. शाळेच्या सरांना विचारावे तर ते म्हणतील, "आम्ही आठवड्यात १९२ चेंडू टाकवितो." क्लबाचे सर म्हणतील, "आमच्याकडे तो फक्त ९० टाकतो." टेनिस चेंडूच्या संघाचा कप्तान म्हणेल, "सहाच तर षटके!" तिघेही खरे बोलत आहेत. ३१८ हा आकडा तिघांपैकी एकासही ठाऊक नाही.

माझ्या मते दोष नेमका येथे आहे. आमचे शिक्षक अडाणी नाहीत; कित्येक जण नाममात्र मोबदल्यावर पहाटेपासून उभे असतात, आणि एकेकाच्या हाताखाली पन्नास-साठ मुले असतात. परंतु शिक्षकाचे नाव होते ते शतकांनी व शिल्डांनी. कोणत्या मुलास त्याने वेळीच बसविले, यासाठी त्याचा सत्कार कोणी करीत नाही. मात्र दोन गोष्टींत शिक्षकांना निर्दोष म्हणता येत नाही. वाढीच्या वयात मुलाची चेंडू टाकण्याची ढब घाईने बदलणे, ही एक. खांदे समोर व कंबर आडवी अशी अर्धीमुर्धी बदललेली ढब कण्यास फार जाचक ठरते. दुसरी अधिक वाईट. "पाठ दुखते" असे मुलगा म्हणाला असता त्यास आळशी ठरविणे.

परदेशात ही मोजदाद कशी करतात? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे अमलात ठेवलेल्या सूचनांप्रमाणे १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने एका दमात ६ व दिवसात १२ षटकांहून अधिक टाकावयाची नसत. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातील चेंडू फेकणाऱ्याचे कोपर असेच निकामी होते. १९७४ साली टॉमी जॉन या खेळाडूच्या कोपरातील स्नायुबंध डॉ. फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रियेने नवा बसविला, आणि पुढे ती शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही करण्याची पाळी आली. तेथेही गुरूंवर हाच आरोप होतो की ते वेग शिकवितात, जपणूक शिकवीत नाहीत. अखेर २००७ पासून तेथील मुलांच्या लीगने फेकीच मोजावयास सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलास दिवसाला ८५ फेकींची मर्यादा आहे, व ६६ अथवा अधिक फेकी झाल्या तर चार दिवस सक्तीची विश्रांती. मोजणारा मनुष्य मैदानावर वही घेऊन बसतो.

मोजल्याने सर्व संकट टळते असेही नाही. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्ग येथे पहिली कसोटी खेळला, सामनावीर झाला, आणि पाठीच्या दुखण्यांमुळे दुसरी कसोटी खेळावयास त्याला मार्च २०१७ मध्ये रांचीची वाट पाहावी लागली. पण त्याची वाट पाहिली गेली, हे महत्त्वाचे. डेनिस लिली यांचीही पाठ १९७३ मध्ये मोडली होती. ते बरे होऊन परतले आणि १९८७ पासून चेन्नईत वेगवान गोलंदाजांच्या शाळेत शिकवू लागले. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईच्या मैदानांवरून याच शाळेत गेला. ज्याने दुखणे स्वतः भोगले आहे असा गुरू मिळणे हे भाग्यच. पण प्रत्येक मैदानास लिली कोठून आणावा?

कोळीवाड्यातील वाचकांस विश्रांतीचे तत्त्व परके नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते; मासळीची वीण व्हावी म्हणून दर्यास सुटी दिली जाते, आणि नाखवा त्या दिवसांत जाळी दुरुस्त करतो. गंमत अशी की मुंबईची कांगा लीग, जी १९४८ साली सुरू झाली, ती मुद्दाम पावसाळ्यातच खेळविण्यासाठी निघाली. म्हणजे होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा गोलंदाज ओल्या मैदानावर, घसरत्या पायांनी धावत असतो. ती लीग मुंबईचे भूषण आहे, ती बंद करा असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो मुलगा पावसाळ्यात तेथे खेळतो त्याला वर्षातील दुसरे दोन-तीन महिने चेंडूपासून दूर ठेवणे भाग आहे.

पालकांनी एक साधी वही करावी. तारीख, शाळेचे चेंडू, क्लबाचे चेंडू, इतर चेंडू, व पाठ दुखली की नाही, असे पाच रकाने पुरेत. वही मुलानेच भरावी व दर सोमवारी दोन्ही सरांना दाखवावी. एखाद्या आठवड्याची बेरीज मागील आठवड्यांपेक्षा एकदम वाढलेली दिसली तर पुढील आठवडा हलका ठेवावा. कमरेच्या एकाच बाजूस दुखत असेल, मागे वाकताना ते वाढत असेल, आणि काही दिवसांच्या विश्रांतीनेही जात नसेल, तर मलम चोळीत न बसता हाडांच्या डॉक्टरांकडे जावे व मुलगा वेगवान गोलंदाज आहे हे त्यांना आरंभीच सांगावे. साध्या क्ष-किरण चित्रात ही भेग आरंभी पुष्कळदा दिसत नाही.