पोलिसांचें गाऱ्हाणें व शासनाचें कर्तव्य

बुलढाण्याच्या रस्त्यावर पहारा करणारा पोलीस शिपाई व तेथील न्यायालयांत दप्तर सांभाळणारा कारकून हे दोघेहि सरकारचे सेवक होत. परंतु हक्कांच्या बाबतींत त्यांची स्थिति सारखी नाहीं. संघ स्थापण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमानें नागरिकांस दिला आहे. मात्र पोलिसांपुरता तो मर्यादित करण्याचा अधिकार ३३ व्या कलमानें संसदेस आहे. त्यास अनुसरून झालेल्या १९६६ च्या कायद्यान्वयें पोलिसास परवानगीवांचून कामगार संघाचा सभासद होतां येत नाहीं. कारकुनास संघ करतां येतो. पण सरकारी सेवकांस संपाचा हक्क नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं सांगितलें.

ह्या निर्बंधामागील भीति निराधार नव्हे. ऑगस्ट १९८२ मध्यें मुंबईंत पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, पोलीस रस्त्यावर उतरले, दंगल उसळली व सैन्य बोलवावें लागलें. रखवालदारच उठून गेला तर घर उघडें पडतें.

तथापि आम्हांस वाटतें कीं, कायद्यानें ज्याचे हात बांधले, त्याचें गाऱ्हाणें ऐकण्याचें कर्तव्य बांधणाऱ्यावर दुपटीनें येतें. वेतन, निवास व कामाचे तास यांविषयीं वेळींच विचारपूस झाली, तर शिस्तहि राहील आणि न्यायहि.