चंदेरी कागद जपून ठेव

पिल्लू आणलंस म्हणे! छान केलंस. आता ते बघायला माणसं येतील आणि येताना तुझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणतील, म्हणून आत्याचं थोडं ऐकून ठेव. मी शहाणी आहे म्हणून सांगत नाहीये. नातवाच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री केकसाठी आणलेली डार्क चॉकलेटची लादी आमच्या मोतीने फस्त केली, आणि मी त्याला कौतुकाने 'चोर' म्हणून झोपायला गेले. पहाटे चोर धापा टाकत घरभर येरझाऱ्या घालत होता.

१. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं त्याला वाईट — कोकोत थिओब्रोमिन असतं. आपल्याला ते पचतं, पण कुत्र्याच्या अंगातून निम्मं उतरायलाच १७-१८ तास लागतात. (लिनियसने १७५३ साली कोकोच्या झाडाला थिओब्रोमा, म्हणजे देवांचं अन्न, असं नाव दिलं. देवांनाच खाऊ दे.)

२. पिल्लाचं वजन दर महिन्याला करून फ्रिजवर लिहून ठेव — सगळा हिशोब वजनावर चालतो. दहा किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला मिल्क चॉकलेट १०० ग्रॅमच्या आसपास लागतं, डार्क ४० ग्रॅम पुरतं आणि कोको पावडर तर १० ग्रॅमच्या आतबाहेर. तुझं पॉमेरियन तीन किलोचं, तेव्हा हे आकडे तिसऱ्या हिश्शावर आण. तो एक चमचा कोको झाला, बाई!

३. खाल्लेल्या चॉकलेटचा चंदेरी कागद फेकू नकोस, डॉक्टरांकडे घेऊन जा — कोणतं आणि किती, हे त्यावरूनच कळतं. मी तो आधी केरात टाकला आणि मग पहाटे चार वाजता डबा उपसत बसले.

४. 'बरा दिसतोय की' म्हणून वाट बघू नकोस, लगेच फोन लाव — उलटी, जुलाब, तहान, अस्वस्थपणा, धडधड, थरथर हे बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी दिसायला लागतं, आणि जास्त खाल्लं असेल तर झटकेही येतात. पोटातलं काढून टाकायचं तर पहिले एक-दोन तासच हाताशी असतात. आमच्याकडे म्हणतात ना (म्हणजे मीच म्हणते): भुंकणाऱ्याला दटाव, गप्प बसलेल्याला तपास.

५. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नकोस — मीठच अंगात चढून दुसरं विष होतं. मी मोतीला दूध पाजलं होतं. दुधाने विष उतरलं नाही, सतरंजी मात्र गेली.

६. यावर उतारा असा नाही. डॉक्टर उलटी करवतात, औषधी कोळसा देतात, सलाईन लावतात, हृदयाचे ठोके बघत बसतात — थोडक्यात, विष बाहेर जाईपर्यंत त्याला सांभाळतात. जास्त झालं असेल तर हे तीन दिवसही चालतं. तेवढे दिवस त्याला वरचेवर शू करायला बाहेर ने, कारण लघवी तुंबली की थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात जातं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

७. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना आजच शोधून ठेव — पिल्लं चोरी करतात ती दवाखाने बंद झाल्यावरच.

८. चॉकलेट कपाटात, आणि कपाटाला कडी. ओट्यावरचं मांजराचं, टीपॉयवरचं कुत्र्याचं, कडीमागचं आपलं — दप्तर, पाहुण्यांची पर्स आणि उघडी केराची बादली हेही टीपॉयच समज. राखीपौर्णिमा, दिवाळी आणि वाढदिवस हे तर त्याचे हंगाम.

९. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावालाच, पण तेही नको — त्यातल्या चरबीने स्वादुपिंड सुजू शकतं. मनुका-बेदाण्याचं चॉकलेट त्याहून वाईट, मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, त्यामुळे शिऱ्यातलेही बेदाणे नकोत. आणि 'शुगर फ्री' लिहिलेलं दिसलं की दोन हात लांब — त्यात झायलिटॉल असेल तर साखर धाडकन उतरते.

१०. अमेरिकेतल्या ताईला कळव, बागेत कोकोच्या सालींचा थर घालू नकोस म्हणावं — वास चॉकलेटचा, आणि त्रासही तोच.

११. सोसायटीतल्या पोरांना एकदा जवळ बसवून सांग, रागावू नकोस — खालच्या काळूला चॉकलेटची वडी देतात ती लाडानेच. त्यांच्या खिशात साधी पोळी ठेव, देण्याची हौस भागते.

१२. केक कापताना त्यालाही काही हवंच असेल तर गाजराचा तुकडा दे — मोती तो पलंगाखाली नेऊन तासभर कुरतडायचा, आणि आम्ही वर बसून निवांत केक खायचो.