चेंडू कुठे पडला?

मुलांनो, 2022 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गोल्फची 150 वी 'ओपन' स्पर्धा झाली. समजा, अशा मैदानावर तुम्ही बिनपगारी स्वयंसेवक आहात. खेळाडू फटका मारणार, की तुम्ही हात वर करता. सारी गर्दी गप्प होते. (वर्गात मला हे अजून साधलेले नाही!) लिंबाएवढा पांढरा चेंडू दूर काटेरी झुडपांत पडतो. तुम्ही तिकडे धावता. तो दिसला की शेजारी छोटे निशाण रोवता. चेंडूला मात्र हात लावत नाही. खेळाडू शोधू लागला की त्याला फक्त 3 मिनिटे मिळतात; 2019 पूर्वी 5 मिळत. चेंडू सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड होतो आणि आधीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते. कधीकधी एका फटक्यानेच स्पर्धा हातची जाते.