विजेची मोटार कोणाला परवडते?

बैल चालतो वैरणीवर. मोटार चालते पेट्रोलवर. आता विजेवर चालणाऱ्या मोटारीही आपल्या रस्त्यांना दिसू लागल्या आहेत. त्या धूर सोडत नाहीत. आवाजही फारसा करत नाहीत. पण त्यांची किंमत जास्त असते. मग अशी गाडी परवडते का? विकणाऱ्याला विचारले, तर तो 'हो' म्हणणारच. आपण कागद-पेन्सिल घ्यावी आणि हिशेब करावा. तात्यांनी केला, तसा.

तात्या सांगोला तालुक्यातले शेतकरी. त्यांचा मुलगा शिवा आणि सूनबाई दोघेही पंढरपुरात शिक्षक. जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर पडतात. एस.टी.ची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. म्हणून घरात मोटार घ्यायचे ठरले.

शिवाने दोन गाड्यांचे भाव विचारून आणले. एक पेट्रोलची, एक विजेची. विजेची गाडी ३ लाखांनी महाग निघाली.

शिवा म्हणाला, "तात्या, विजेची घेऊ. खर्च लई कमी येतो."

तात्या म्हणाले, "आरं, पर ३ लाख म्हंजे काय थोडं झालं? ते परत कवा येणार, ते आधी सांग. बस इथं. लिही."

एका किलोमीटरला किती खर्च?

आधी पेट्रोलचा हिशेब मांडला. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले. गाडी लिटरला २० किलोमीटर जाते असे धरले. म्हणजे एका किलोमीटरला ५ रुपये.

मग विजेचा. तात्यांनी घरचे वीजबिल काढले. बिलावर दर छापलेले असतात. पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो. पुढच्या युनिटांना जास्त. गाडीची वीज वाढली, की ती पुढच्या दरात जाते. म्हणून तात्यांनी स्वस्त दर धरला नाही. कर वगैरे मिळून युनिटला १४ रुपये धरले. एका युनिटवर छोटी गाडी सुमारे ७ किलोमीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला २ रुपये.

सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, म्हणजे किलोमीटरमागे ३ रुपये वाचले."

"वाचले. पर किती किलोमीटर चालवणार, त्यावर सगळं हाय," तात्या म्हणाले.

शाळेला जाणे-येणे आणि बाकीची कामे मिळून वर्षाला १५,००० किलोमीटर झाले. १५,००० गुणिले ३, म्हणजे वर्षाला ४५,००० रुपये वाचतील. जास्तीचे ३ लाख सात वर्षांच्या आत फिटतील. शिवाय या गाडीला इंजिन नाही. इंजिनचे ऑइल बदलावे लागत नाही. टायर, ब्रेक आणि विमा यांचा खर्च मात्र राहतोच.

बॅटरीची गोष्ट

विजेच्या गाडीची बॅटरी म्हणजे तिची टाकी. २०२२ साली टाटा कंपनीची टियागो ही छोटी गाडी विजेवर निघाली. तिच्या मोठ्या बॅटरीत २४ युनिट वीज मावते. तेव्हा कंपनीने एका भरण्यात ३१५ किलोमीटर सांगितले होते. ते तपासणीतले माप. आपल्या रस्त्याला चढ असतो, खड्डे असतात. गाडीत चार माणसे असतात, उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र चालू असते. म्हणून १७० धरावे. म्हणजे फसगत होत नाही.

बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी थकते. नवी घ्यायची तर लाखांत पैसे जातात. अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी भरेल तोवर हमी देतात. हमीचा कागद नीट वाचावा. वाचल्याशिवाय सही करू नये.

घरी गाडी कशी भरावी?

घरात १५ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. त्यातून तासाला सुमारे ३ युनिट वीज भरते. रोजच्या ६० किलोमीटरला ९ युनिट लागतात. म्हणजे तीन तास पुरतात. रात्री दोन तास लाइट गेली, तरी सकाळपर्यंत गाडी तयार होते.

पण जुनी, बारीक वायर चालत नाही. ती तापते. आग लागू शकते. जाणत्या वायरमनकडून वायर आणि अर्थिंग तपासून घ्यावे. मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, तेही पाहावे. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी कधीही भरू नये. ती वीज शेतीसाठीच दिलेली असते.

लांबच्या वाटेला, म्हणजे पुण्या-मुंबईला जायचे, तर रस्त्यात गाडी भरावी लागते. तिथे जलद भरण्याची सोय असली, तरी तासभर थांबावे लागते. दरही घरच्यापेक्षा जास्त पडतो.

बापूंचा हिशेब

हे सगळे शेजारचे बापू ऐकत होते. त्यांनाही हौस आली. ते म्हणाले, "तात्या, मीबी हीच गाडी घेतो. रान तारण ठेवून कर्ज काढतो."

तात्यांनी विचारले, "बापू, तुम्ही जाणार कुठं?"

"बाजाराला. कवा पाव्हण्याकडं."

वर्षाचे किलोमीटर मोजले. ३,००० भरले. ३,००० गुणिले ३, म्हणजे वर्षाला ९,००० रुपये वाचणार. आणि जास्तीच्या ३ लाखांवर शेकडा १० ने पहिल्याच वर्षी व्याज ३०,००० रुपये! वाचले ९, गेले ३०.

बापू गप्प झाले. मग म्हणाले, "तात्या, बरं झालं कागदावर मांडलं. न्हाईतर रान गेलं असतं."

शिवाने विजेची गाडी घेतली. जास्तीचे पैसे सूनबाईंनी साठवलेले होते, कर्ज काढले नाही. बापूंनी गाडी घेतली नाही. दोघांचेही बरोबर. गाडी तीच, पण धाव वेगळी. जो रोज लांब जातो आणि रात्री घरी परततो, त्याला विजेची गाडी परवडते. जो क्वचित जातो, त्याला ती महागात पडते. शेजाऱ्याची गाडी पाहू नये. आपले अंथरूण पाहावे.

हे करून पाहा

१. आपले वीजबिल काढा. शेवटच्या युनिटांचा दर किती आहे?
२. तुम्ही रोज किती किलोमीटर जाता? वर्षाचे किती झाले?
३. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्याचे ३ लाख किती वर्षांत फिटतील?
४. बापूंनी कर्ज का काढले नाही? चार ओळी लिहा.