भोगवे: कर्लीच्या मुखाशी एक दिवस

तारकर्ली-देवबागची गर्दी नको असेल, तर कर्ली नदीच्या दक्षिण काठाला या. देवबाग मालवण तालुक्यात, समोरचं भोगवे वेंगुर्ला तालुक्यात; मध्ये फक्त खाडीचं मुख. कोकण रेल्वेनं कुडाळला उतरून परुळेमार्गे गाडीनं साधारण तासाभरात पोहोचता येतं. एसटीनं येणार असाल, तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.

पंचांग पाहून निघा

इथे दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर आखायचा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं.

ओहोटीला वाळू मोकळी होते, चालायला हीच वेळ उत्तम. मात्र खाडीत भरलेलं पाणी तेव्हाच अरुंद मुखातून जोरात समुद्राकडे ओढलं जातं. संगमावर पोहायला उतरू नका, उथळ दिसलं तरी नाही. वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. डुंबायचंच असेल तर मुखापासून लांब, गावकऱ्यांना विचारून.

रापण दिसली तर थांबा

या किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर रापण लागते. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक घेऊन परत येते. मग दोन्ही बाजूंनी माणसं पाय वाळूत रोवून, मागे रेलून दोर ओढतात. जाळं जवळ आलं की पाणी चंदेरी होऊन उसळतं: बांगडे, पेडवे, नशीब असेल तर सुरमई. दोराला हात लावण्याआधी विचारा, जाळ्यावर पाय देऊ नका, फोटोसाठी कामात आडवे येऊ नका. बऱ्याच घरांचा दिवस त्या एका ओढीवर असतो.

राहणं, जेवण

गावात घरगुती राहण्याची सोय होते. जेवण आधी सांगून ठेवा. ताजं मासळीचं ताट आणि सोलकढी मिळेल. दुपार उतरल्यावर जवळचा निवतीचा किल्ला पाहता येतो. मासळी घ्यायची तर इथल्याच माणसांकडून घ्या, आणि प्लास्टिकचा एकही तुकडा मागे ठेवू नका. तो खाडीतून थेट त्यांच्या जाळ्यात जातो.