उजळणीचं वेळापत्रक: आधी उरलेला वेळ मोजा

दहावीच्या उजळणीचं वेळापत्रक दिवाळीत तयार होतं आणि बऱ्याच घरांत ते मार्गशीर्ष संपेपर्यंतही टिकत नाही. मग बोल मुलांना लागतो. मन लागत नाही, मोबाइल सुटत नाही, जिद्दच नाही, असं म्हटलं जातं. माझ्या लेकीने २०२५ मध्ये दहावीची परीक्षा दिली. त्या वर्षात जे जवळून पाहिलं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की पुष्कळदा मूल मेहनत करत असतं आणि वेळापत्रकच त्याला बुडवतं.

आमचं गाव फलटणपासून थोडं आत, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. घरचा ऊस, गोठ्यात म्हशी. लेक एसटीने फलटणला शाळेत जायची. तिचा चुलतभाऊ आदल्या वर्षी चांगल्या मार्कांनी दहावी झाला होता, म्हणून त्याचं वेळापत्रक समोर ठेवून तिने स्वतःचं केलं. कार्डशीटवर पट्टीने रकाने आखले, प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाचं स्केचपेन. पहाटे पाच ते सहा बीजगणित, सहा ते सात इंग्रजी, रात्री सात ते दहा विज्ञान, भूमिती, इतिहास. रविवारी दिवसभर अभ्यास. दिसायला ते फार देखणं होतं.

सुरुवातीचे दिवस तिने रेटून नेले. मग शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली आणि पाण्याची पाळीही त्याच आठवड्यात आली. तिचे वडील रात्रभर शेतात, त्यामुळे गोठ्याचं काम आम्हा दोघींवर. पुढे फलटणला रामाची रथयात्रा आली आणि घर पाहुण्यांनी भरलं. त्यापाठोपाठ शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी. चुकलेला प्रत्येक तास ती दुसऱ्या दिवसाच्या तळाशी जोडत गेली. थकबाकी इतकी साचली की तिने त्या तक्त्याकडे बघणंच सोडलं.

दुसरी गफलत तारखेची. चुलतभावाची लेखी परीक्षा २०२४ मध्ये १ मार्चला सुरू झाली होती, म्हणून तिचंही गणित १ मार्च धरूनच मांडलेलं. पण २०२५ ची लेखी परीक्षा मंडळाने २१ फेब्रुवारीलाच सुरू केली. त्याआधी ३ ते २० फेब्रुवारी तोंडी आणि प्रात्यक्षिकं. तारखा आधीच जाहीर झाल्या होत्या, आमच्या घरात कुणी नीट पाहिल्या नव्हत्या. शेवटच्या उजळणीसाठी राखलेला आठवडा अशा तऱ्हेने हातचा गेला. पूर्वपरीक्षेत भूमितीत निम्मेही मार्क पडले नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी एवढं वाचलं ते गेलं कुठं?"

तिच्या गणिताच्या बाईंनी त्यानंतर तिला बसवून सगळं नव्याने करून घेतलं. तेव्हापासून आम्हाला ज्याचा उपयोग झाला, ते क्रमाने सांगते.

तारीख मंडळाच्याच वेळापत्रकातून उतरवून घ्या. भावंडांच्या किंवा शेजाऱ्यांच्या आठवणीवर जाऊ नका. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक आणि शाळेची पूर्वपरीक्षा, या चारही तारखा एका कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या.

मग मुलाच्या हातात खरोखर किती वेळ उरतो ते पाहा. एक आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा: शाळा, शिकवणी, एसटीची वाट, घरकाम, जेवण, झोप. शाळेच्या दिवशी अडीच-तीन तास उरत असतील तर वेळापत्रक तेवढ्याचंच करा. सण, जत्रा, घरातलं लग्न, पाण्याची पाळी हेही त्यात आधीच लिहा. त्या दिवशी अभ्यास कमी होणार हे ठाऊक असलं की मुलाला अपराधी वाटत नाही.

तिसरं, तासांऐवजी धडे लिहा. "पाच ते सहा बीजगणित" यातून त्या तासात काय झालं ते कळत नाही. सध्याच्या पाठ्यपुस्तकांत बीजगणिताची ६ आणि भूमितीची ७ प्रकरणं आहेत, विज्ञानाच्या दोन्ही भागांत प्रत्येकी १०. म्हणजे गणित-विज्ञान मिळून ३३. ही ३३ नावं लेकीने वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुढे तीन रकाने आखले: जमलं, अडलं, पुन्हा. डोंगर वाटणारा अभ्यास दोन पानांवर आला. नेमकं अडतंय कुठं, हे तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजळणी पुस्तक मिटून करायची. पायथागोरसचं प्रमेय लेकीने कितीदा तरी वाचलं होतं. बाईंनी पुस्तक मिटायला लावून कोरा कागद दिला. पक्ष, साध्य तिने झरझर लिहिलं, आकृती काढली, आणि रचनेपाशी पेन थांबलं. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, मग तयार होणारे त्रिकोण समरूप आहेत हे दाखवायचं, एवढी एकच पायरी तिला आठवेना. वाचताना ती पायरी समोर असते, म्हणून येते असं वाटतं. त्या दिवशी तिने लंब टाकून सिद्धता स्वतः पुरी केली, ती पुन्हा विसरली नाही.

यामागे अभ्यासही आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून दुसरी रीत धरावी.

एक धडा एकदाच करून सोडू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. उसाला महिन्याचं पाणी एका दिवशी सोडलं तर ते वाहून जातं, पाळीने दिलं तरच मुळाशी मुरतं. तसंच इथे. आज केलेलं प्रकरण दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने थोडा थोडा वेळ पुन्हा हाताखालून जाऊ द्या. "पुन्हा" या रकान्यात त्या तारखा लिहायच्या.

आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुद्दाम मोकळ्या ठेवा. राहिलेलं काम त्यात भरून निघतं. काही राहिलं नसेल तर मुलाला खेळू द्या, झोपू द्या. आणि जानेवारीपासून रविवारी सकाळी अकराला घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. गणित-विज्ञानाचा प्रत्येक पेपर ४० मार्कांचा, दोन तासांचा असतो. आपण कुठे रेंगाळतो, हे त्या दोन तासांतच कळतं. तपासताना चुकलेला प्रश्न थेट "अडलं" मध्ये जायला हवा.

लेकीने हे सगळं जानेवारीत सुरू केलं. निकाल १३ मेला लागला. भूमितीची भीती पूर्ण गेली आणि मार्कही पूर्वपरीक्षेपेक्षा पुष्कळ वाढले. तरी इतिहास आणि भूगोलाला वेळ कमीच पडला. दिवाळीतच या रीतीने सुरुवात झाली असती तर तेही नीट झाले असते.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी दहावी आहे त्या आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला वेळापत्रक करायला सांगण्याआधी तुम्ही दोघं बसा आणि घरातलं कोणतं काम मार्चपर्यंत त्याच्याकडून काढून घेणार ते ठरवा. त्याची झोप कापून तास वाढवू नका, दुसऱ्याच्या मुलाचं वेळापत्रक त्याच्यापुढे ठेवू नका. रोज रात्री "किती तास बसलास?" असं न विचारता "आज न बघता काय लिहून पाहिलंस?" एवढंच विचारा, आणि त्याने दाखवलेला कागद मन लावून बघा.