माणूस का जेवतो?

मंडळी, कोणी विचारले, "तुम्ही का जेवता?" तर आपल्याला हसू येईल. आपण म्हणू, "भूक लागते म्हणून!" पण नीट पाहा. प्रत्येक घास भुकेचाच नसतो.

पहिले कारण भूक. दिवसभर खुरपून, खणून अंगातली शक्ती खर्च होते. ती अन्नाने भरून येते. खरी भूक आवडनिवड पाहत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली. दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली. चवीसाठी नव्हे, जगण्यासाठी.

दुसरे कारण सण. येळवशीला माकणीच्या शिवारात माणसेच माणसे दिसतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे! वाटसरूलाही हाक मारून पंगतीला बसवतात. पोट भरते, आणि माणसेही जोडली जातात.

तिसरे कारण दुःख. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात. समजूत घालून दोन घास खायला लावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर भागातली घरे पडली. तेव्हा लांबलांबून लोक अन्न घेऊन धावले. त्या अन्नाने जीव जगला आणि धीरही आला.

चौथे कारण भीड. "घ्या की पाव्हणं, एकच पोळी!" पोट नको म्हणते, पण नाही म्हणवत नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूला लगेच पोचत नाही. भरभर जेवणारा त्याआधीच जास्त खाऊन बसतो. म्हणून सावकाश जेवावे. आग्रहही बेतानेच करावा.

पाचवे कारण आपल्या घरातच आहे, पण दिसत नाही. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजी संपते. मग ती चटणीवर भागवते. शिळे टाकवत नाही, म्हणून तेच खाते. काहीच उरले नाही तर म्हणते, "मला भूकच नाही." म्हणजे तिचे जेवण भुकेवर ठरत नाही, उरण्यावर ठरते.

रानात तीही राबते. लेकराला तीच पाजते. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. अन्नातून लोह कमी मिळणे हे त्यांतले एक मोठे कारण. डाळी, बाजरी, पालेभाजी यांत लोह असते. पण ते तिच्या ताटात पडले पाहिजे ना!

उपायाला पैसा लागत नाही. सगळ्यांची ताटे एकदम मांडा. डाळ-भाजी आधी सगळ्या ताटांत वाढा, तिच्याही. मग सगळ्यांनी मिळून पहिला घास घ्या.

सांगा पाहू :
१. या पाठात जेवण्याची कोणती पाच कारणे आली आहेत?
२. सावकाश का जेवावे?
३. काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवले? त्यांच्या ताटात काय होते?